होळीआधीचं घोंगडं

माझ्या भाच्याला गाडी चालवताना गप्प बसवत नाही. यंदा भाऊबिजेला मुराळी म्हणून तोच आला होता मला न्यायला. जिंतूरच्या घाटात रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या थांबवल्या होत्या, तर तेवढ्यात ह्यानं मोबाईल काढून माझ्या नाकासमोर धरला. "आत्या, हे बघ. हिमाचलात यंदा लवकरच बर्फ पडलाय. सगळे घाट बंद." मी चष्मा वर सरकवून बघितलं. पांढरा रस्ता, त्याला कड म्हणून नाही. एकामागं एक अडकलेल्या गाड्या. लोक खाली उतरून एकमेकांना बर्फाचे गोळे मारत होते आणि हसत होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "असंच इथं झालं होतं. ह्याच घाटात."

तो खो खो हसला. "आत्या, जगात जर्मनी अन् भारतात परभणी, हे मान्य. पण परभणीत बर्फ? फेकायची तरी किती!"

"फेकत नाही रे मुडद्या," मी म्हणाले, आणि दार उघडून खाली उतरले. समोर डोंगर अर्धा कापून काढलेला होता. मुरमाचा लाल ढीग, डांबराचा वास, पोकलेनची घरघर. मी ते वळण शोधत होते. वळण सरळ केलेलं होतं. पळसाची चार झाडं तेवढी वरच्या बाजूला उभी होती, धुळीनं माखलेली, नुसती पानं घेऊन. कार्तिकात पळसाला फुलं कुठून असणार! पण मला ती दिसत होती, आणि खाली पांढऱ्यावर पडलेली दिसत होती.

आमचं घर बोरीकडचं, मेंढरांचं. शेत होतं, पण मुरमाड, नावाला. आबा वर्षातले कितीतरी दिवस मेंढरांमागं डोंगरात असायचे, नाहीतर कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवून तिथंच झोपायचे. ते घरी यायचे तेव्हा आधी वास यायचा, मग खोकला, मग ते. आई चुलीपुढून न वळताच म्हणायची, "आलं बघ येक मेंढरू." आबा हसून दारात बसायचे. त्यांच्या घोंगड्याला लोकरीचा, धुराचा, तंबाखूचा आणि ओल्या मातीचा असा एक मिळून वास होता. तो आज कुठं येत नाही. कपाटात नाही, देवळात नाही, माझ्या भावाच्या सिमेंटच्या घरात तर नाहीच नाही.

कातरणीची आमच्याकडं रीत होती. होळी जळाल्याशिवाय मेंढीच्या अंगाला कातर लावायची नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी आबा ओंजळभर राख आणायचे, कातरीची दोन्ही पाती त्या राखेनं घासायचे, थोडी सुलतानच्या कपाळाला लावायचे आणि मग पहिली मेंढी गुडघ्यात धरायचे. सुलतान म्हणजे आमचा म्होरक्या बकरा. त्याच्या गळ्यात तडा गेलेली घंटा होती, ती टणटण वाजायची नाही, भदभद वाजायची. 'होळी जळाली, थंडी पळाली' असं सगळेच म्हणतात. आमच्या घरात ते नुसतं म्हणणं नव्हतं, मेंढराच्या अंगावरची लोकर काढायची का ठेवायची ते त्यावर ठरायचं.

दुसरी रीत लेकीची. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती मऊ असते, टोचत नाही. लेकीचं लग्न ठरलं की बापानं आपल्या कळपाच्या जावळाचं घोंगडं विणून घ्यायचं आणि हळदीला त्यावर सगळ्यात आधी नवरीनं बसायचं. तिच्या आधी कुणी बसायचं नाही, पांघरायचं नाही. ते जमिनीला टेकवायचंसुद्धा नाही.

माझं लग्न दिवाळीनंतर ठरलं आणि मुहूर्त निघाला होळी झाल्यावर लगेचचा. म्हणजे दोन रिती एकमेकींच्या अंगावर आल्या. होळीची वाट बघावी तर लोकर पिंजायची कधी, कातायची कधी आणि विणकरानं विणायची कधी?

"आत्ताच कातरतो," आबा म्हणाले.

आई उसळली. "होळी न्हाई, राख न्हाई, अन् कातर लावायलाव! डोकं ठिकाणावर हाय का?"

"हवा बग की जरा. माघातच घाम फुटायलाय. आवंदा थंडी हाय कुटं?"

"रीत हाय ती."

"लेक जुन्या घोंगड्यावर बसली मनून लोक हसतील, ते चालंल का तुला?"

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही नवंच मागितलं असतं, खोटं कशाला बोलू. एकोणीस वर्षांची होते, नव्या घोंगड्यावर बसलेली मी मला रोज दिसत होते.

ओढ्याच्या डोहात मेंढरं धुतली. दोन दिवस वाळू दिली. मग कडुनिंबाखाली कातर सुरू झाली, कच कच, कच कच, दिवसभर. आधी जावळाची कोकरं, मग आबा म्हणाले, हात लागलाय तर सगळीच उरकून टाकू. लोकरीच्या तेलानं माझे तळहात इतके मऊ झाले होते की भाकरी थापताना पीठ चिकटेना. कातरलेल्या मेंढ्या भलत्याच दिसतात, अंगावर कातरीच्या रेघा, मान बारीक, लाजल्यासारख्या एकमेकींच्या आड उभ्या. कोकरांना आपल्या आया ओळखू येत नव्हत्या. ती नुसती बें बें करत ह्या मेंढीकडून त्या मेंढीकडं पळत होती, हुंगत होती, परत पळत होती. दिवे लागले तरी तो ओरडा थांबला नव्हता. आबा कातर पुसता पुसता म्हणाले, "वळखतील. वासावर वळखतील."

घोंगडं विणायला टाकलं होतं घाटापलीकडच्या गावात. मी आणि आई ते आणायला गेलो त्या दिवशी ऊन चटका देत होतं. विणकराच्या अंगणात चिंचोक्याची खळ शिजत होती. आंबूस, चिकट वास. म्हातारा आणि त्याची सून, दोघांनी दोन टोकं धरून घोंगडं आमच्यापुढं ताणलं. काळंभोर, दोन्ही कडांना पांढरी किनार, मधे गाठ नाही का गुठळी नाही. आईनं पदरानं डोळे पुसले, घडी घातली आणि पांढऱ्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून लेकरासारखं छातीशी धरलं.

एस.टी.त जागा मिळाली तरी तिनं ते मांडीवरच ठेवलं. कंडक्टर मिश्किल होता. म्हणाला, "मावशी, ह्याचं हाफ तिकीट फाडू का?" आई म्हणाली, "फाड की. पर ते आदी नवऱ्याकडं जायलंय, वऱ्हाड मनून न्यावं लागंल." सगळी गाडी हसली. माझे कान तापले. आई खुशीत होती, कारण आबाही त्याच दिवशी मेंढरं घेऊन त्याच घाटानं खाली उतरणार होते. बोरीच्या एकाचा हरभरा निघाला होता, त्यानं रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. "रस्त्यात भेटलं तर दाखवू त्येंला, खिडकीतूनच," ती म्हणाली.

घाट लागला आणि ऊन गेलं. कुणी दिवा मालवावा तसं गेलं. वारा बंद. पाखरांचा आवाज बंद. खिडकीतून एक गार, लोखंडासारखा वास आत आला.

मग टपावर धाड्‌कन दगड पडला. पाठोपाठ दुसरा. काच फुटली.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. घराबाहेर पडलेल्या माणसाच्या मनात एकच भीती असायची, कुठं रास्ता रोको असंल, कुठं टायर जळायलं असंल. मागून कुणीतरी ओरडलं, "दगडफेक! खाली वाका!" सगळी गाडी बाकांखाली. बायांनी लेकरं पोटाखाली घेतली. ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या कडेला दाबली आणि तोही खाली वाकला. एक दगड माझ्या पायाशी येऊन पडला. कंडक्टरनं तो उचलला आणि हातात धरून बघतच राहिला. त्याच्या बोटांमधून पाणी गळत होतं.

"आरं... गार हाय ही!"

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. पत्र्यावर असा मार सुरू झाला की शेजारच्या आईचं तोंड उघडझाप करताना दिसत होतं, आवाज नाही. मी तिच्या तोंडाला कान लावला. ती एकच बोलत होती. "कातरलेली हायत गं. कातरलेली हायत."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सुरू झाला तसा तो एकदम थांबला. मी काचेतून बाहेर बघितलं आणि मला माझंच गाव, माझाच जिल्हा ओळखू येईना. सगळं पांढरं. रस्ता नव्हता, दरी कुठं सुरू होते ते नव्हतं, दगड नव्हते. आमच्या मुलखात पांढरं म्हणजे कापूस, पांढरं म्हणजे ज्वारीचं पीठ. हे कसलं पांढरं? त्यातून वाफ निघत होती. पळसाचं एक फूल झाडावर राहिलं नव्हतं, सगळी केशरी फुलं त्या पांढऱ्यावर सांडलेली. आणि वास! झोडपलेल्या पाल्याचा, सालीचा, हिरवा कच्चा वास, डोक्यात चढणारा. माय माय माय, मी अजून तो विसरलेली नाही.

लोक खाली उतरले आणि काय केलं माहीत आहे? हसले. खरंच सांगते. ड्रायव्हर पहिलं पाऊल टाकताच घसरून बसला आणि सगळे हसले. जीव वाचल्याचं हसू असतं ना, ते. कुणी गारा तोंडात टाकल्या, कुणी उपरण्यात भरून घेतल्या. पुढं ट्रक आडवा झालेला, त्यापुढं बैलगाडी, त्यापुढं काहीच दिसत नव्हतं. "काश्मीर झालं की हो आपलं!" कुणीतरी म्हणालं.

आणि त्या हसण्याच्या पलीकडून आईला ऐकू आलं. भद. भद. तडा गेलेली घंटा.

आई गारांवरून पळत सुटली. वहाणा तिथंच राहिल्या. घोंगड्याचं गाठोडं छातीशी. मी मागं. बर्फानं पाय भाजतात, हे मला तेव्हा कळलं. वळणापलीकडं सुलतान एकटा उभा होता, एक शिंग मोडलेलं. त्याच्यामागं रस्त्यावर उंचवटे होते. मला वाटलं दरड आली, दगड आहेत. मग एक दगड हलला.

ती आमची मेंढरं होती. एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून तशीच बसलेली, काही आडवी. त्यांच्या उघड्या पाठींवर गारा साचलेल्या होत्या, वितळतसुद्धा नव्हत्या. मधोमध आबा होते. आपलं जुनं घोंगडं त्यांनी कोकरांवर टाकलं होतं आणि त्याचे कोपरे दोन्ही हातांनी दाबून धरले होते. डोक्याला खोक पडलेली, रक्त कानापर्यंत येऊन थिजलेलं. अंगात नुसती बंडी. ओठ जांभळे. ते थरथरतही नव्हते, त्याचीच मला भीती वाटली.

"आबा!" मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण बोलले मेंढरांकडं बघत. "मीच नागडी केली वं त्येंला," ते म्हणाले. "मीच नागडी केली."

आईनं गाठोड्याची गाठ सोडली. घोंगडं उलगडायला लागली तसे आबा एकदम शुद्धीवर आल्यासारखे झाले. हात पुढं करून तिला थांबवलं. "ते न्हाई. ते पोरीचं हाय. तिच्या आदी कुनी न्हाई."

"आवं, मरायलाव तुमी!"

"मरू दे. येवढी मेली त्याच्यापायी. ते तरी नीट राहू दे."

आईचे हात तसेच राहिले. माझी आई कुणाला न भिणारी बाई, पण रितीला भ्यायची. एकदा मोडली होती, तिचं फळ पुढ्यात पसरलेलं होतं. दुसऱ्यांदा मोडायची तिची छाती होईना. आणि आबांचे डोळे मिटायला लागले होते. मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही. आभाळाचा, रितीचा, माझ्या लग्नाचा, त्या मऊ काळ्याभोर घोंगड्याचा. मी ते आईच्या हातातून ओढून घेतलं, झटकलं, गारांवर अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसले.

"बसले," मी म्हणाले. "सगळ्यात आदी मीच बसले. झाली रीत. आता तुमी या."

मी त्यांना दंडाला धरून ओढलं, तेव्हा ते आले. बिचारे एवढेसे झाले होते, ओढल्यावर आले. मी त्यांना घोंगड्यावर घेतलं, दोन्ही पदर त्यांच्यावरून आणि माझ्यावरून गुंडाळून घेतले आणि त्यांची पाठ चोळत राहिले. त्यांचं अंग त्या गारांइतकंच गार होतं. आई जवळ आली. तिनं आपल्या कपाळावरचं कुंकू बोटानं घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. "बसलीसच तर अशी मोकळ्या कपाळानं कशाला," एवढंच म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

मागून गाडीतली माणसं आली. हसणं बंद झालं होतं. कंडक्टरनं टोपी काढली, परत घातली, आणि ओरडला, "ड्रायव्हर साहेब, दार उगडं ठिवा! कोकरं आत घ्या रं!" ज्यांनी मघाशी उपरण्यात गारा भरल्या होत्या त्यांनी त्या तिथंच ओतल्या आणि उपरण्यात कोकरं घेतली. घसरत, एकमेकांना धरत, ह्या हातातून त्या हातात कोकरं गाडीपर्यंत गेली. एका म्हातारीनं एक कोकरू पदराखाली घेऊन बाकावर बसकण मारली आणि त्याला शिव्या देत देत चोळत राहिली. आबांना चौघांनी घोंगड्यासकट उचललं. रस्ता मोकळा होईतो आम्ही त्या गाडीत बसून होतो, माणसं आणि कोकरं. काचा फुटलेल्या, पण आत ऊब होती. ओल्या लोकरीचा तो वास सगळ्या गाडीत भरला होता, आणि कोकरं ओरडत होती, कारण त्यांच्या आया बाहेर होत्या.

आबा वाचले. कोकरं बरीचशी वाचली. मोठ्या मेंढ्यांचं विचारू नका. आबांनी मोजूच दिल्या नाहीत.

होळी आली, गेली. आबांनी राख आणली नाही. आढ्याला खोचलेली कातर त्यांनी परत कधी हातात घेतली नाही, पुढं सगळी कातरणी भावानंच केली. हळदीच्या दिवशी मांडवात माझ्या चुलत्यानं विचारलं, "घोंगडं कुटंय?" आईनं मान खाली घातली. धुऊन काढलं होतं, तरी एका किनारीला आबांच्या रक्ताचा तपकिरी डाग राहिला होता. चुलता म्हणाला, "ते तर उष्टं झालं. बापानं पांगरलेलं लेकीला कसं चालंल? दुसरं बगा कुनाचं तरी."

तोवर आबा मांडवाच्या मेढीला टेकून गप्प बसले होते. त्या दिवसापासून गप्पच होते. ते उठले, घरातून घोंगडं आणलं आणि सगळ्यांसमोर पाटाखाली अंथरलं. "उष्टं कशाचं?" ते म्हणाले. "पयली तीच बसली. सगळी एस.टी. साक्षीला हाय." आणि मला म्हणाले, "बस, माय."

मागून हॉर्न वाजायला लागले. रस्ता सुटला होता. मी सांगत होते ते ऐकत भाचा माझ्याजवळ येऊन उभा होता, कधीचा कोण जाणे. मोबाईल खिशात होता. मला वाटलं आता काहीतरी थट्टा करेल. पण त्यानं विचारलं, "मग ते घोंगडं आता कुठंय, आत्या? आपल्या घरी तर मी कधी बघितलं नाही."

"तुझ्या आजोबांबरोबर गेलं."

त्या दिवसापासून आबांच्या अंगातली थंडी कधी गेलीच नव्हती. आभाळ भरून आलं की ऐन उन्हाळ्यातसुद्धा ते दंड चोळत बसायचे. गेले ते वैशाखात. जमीन तापून फुटायला आली होती, खांदेकऱ्यांच्या पायांना चटके बसत होते. मी सासरहून येताना घोंगडं घेऊन आले आणि त्यांच्या अंगावर घातलं, गळ्यापर्यंत, दोन्ही पदर नीट आत खोचून. बाया म्हणाल्या, "अगं, एवढ्या उन्हात घोंगडं कशाला?"

मी म्हणाले, "असू द्या. त्यांला गार लागतंय."